वेगळं झोपायचा नियम

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये माणसांना मशीनच्या नंबरावरून ओळखायची पद्धत आहे. सहा मशीन, सहा बेड. 'दोन नंबरचं प्रेशर घे', 'पाच नंबरला थंडी वाजतेय, पांघरूण दे.' कामाला लागले तेव्हा मला हे फार रुक्ष वाटलं होतं. मग लक्षात आलं की पेशंटसुद्धा एकमेकांना तशीच हाक मारतात. गावात कोणी कोणाची सून असेल, कोणी कोणाचा काका असेल. इथे आलं की तीन नंबर, चार नंबर.

चार नंबरवर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी एक बाई यायच्या. वय सदतीस-अडतीस. खाडीकाठच्या गावातल्या. सासऱ्यांची मिठागरं होती, ती कधीच गेली. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. मुलगी एकच, बारावीला. मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्या मला 'बाय' म्हणायच्या, त्यांच्याकडे मुलीला म्हणतात तसं. त्यांची एकच अट होती. सुई मीच टोचायची.

ज्यांनी डायलिसिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. किडनीच्या पेशंटच्या एका हातात छोटं ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात. मग ती शीर हळूहळू फुगते, दोरासारखी वर येते. तिच्यावर बोटं ठेवली की आत घरघर जाणवते. ती घरघर चालू आहे तोवर त्या हातातून रक्त मशीनमध्ये नेता येतं आणि साफ करून परत आणता येतं. बंद पडली तर पुन्हा ऑपरेशन. म्हणून पेशंट त्या हाताला जपतात, 'मशीनचा हात' म्हणतात. त्या हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, जड पिशवी नाही, त्या कुशीवर झोपणं नाही.

मी नवीन असताना पहिल्यांदा ताईंच्या हाताशी सुई घेऊन गेले तेव्हा माझा हात कापत होता. त्यांनी तो पाहिला. आरडाओरडा न करता म्हणाल्या, "थांब गो बाय. आधी नुसता धर." मी त्यांचा हात धरला, घरघर बोटांना कळेपर्यंत धरून ठेवला. मग सुई पहिल्या वेळेला आत गेली. तेव्हापासून ही अट.

ही ओळख झाली ती साथीच्या पहिल्या वर्षी. सगळं बंद होतं, पण डायलिसिस बंद ठेवता येत नाही. पेशंट पोलिसांना कागद दाखवत, रिकाम्या रस्त्यांवरून, मिळेल त्या वाहनाने यायचे. काही जण खाडीपलीकडून यायचे, बोट बंद असल्यामुळे मोठा वळसा घालून. आमचे सीनिअर टेक्निशियन, ज्यांना सगळे सर म्हणतात, दारात कपाळावर धरायची ती थर्मामीटरची बंदूक घेऊन उभे असायचे. प्रत्येकाला, दर वेळी, तेच सांगायचे. "मास्क खाली घ्यायचा नाही. घरात वेगळी खोली. वेगळं ताट. वेगळं झोपायचं. कामाला बाहेर जाणाऱ्या माणसाने पेशंटच्या जवळ जायचं नाही. म्हणजे नाही." सर चिडून बोलायचे, कारण ते घाबरलेले होते. आमच्या पेशंटना कोरोना झाला तर काय होतं हे आम्ही पाहत होतो. त्या वर्षी दोन नंबर आणि पाच नंबर ही माणसं बदलली. याहून जास्त त्याबद्दल मला लिहायचं नाही.

बाकीचे राहिले. सरांच्या त्या ओरडण्यामुळे राहिले असं मला आजही वाटतं. पंधरा-वीस आजारी माणसं, त्यांच्या घरचे, आम्ही चार-पाच जण, आणि पाण्याची टाकी भरली नाही तर सगळंच ठप्प. तरी डायलिसिसची एकही पाळी आम्ही चुकवली नाही. आमच्या युनिटबद्दल कोणी कुठे लिहिलं नाही, आणि लिहावं असं काही मोठं नाव आमचं नाही. पण त्या दिवसांत संध्याकाळी मशीन धुऊन बाहेर पडताना मी ताठ चालायचे, हे मला आठवतं.

ही गोष्ट त्यानंतरची आहे. तिसरं वर्ष उजाडलं होतं. लग्नं, हळदी पुन्हा जोरात सुरू झाल्या होत्या. मास्क फक्त हॉस्पिटलात उरले होते. आणि ताई बदलत चालल्या होत्या.

आधी त्यांचं बोलणं कमी झालं. हा फरक मला लगेच कळला, कारण मी स्वतः कमी बोलणारी आहे आणि त्यांच्या शेजारी उभं राहणं मला त्यांच्या बोलण्यामुळेच आवडायचं. गावातल्या भानगडी, मुलीचा मोबाइल, कोणाच्या हळदीत डीजे कितीला ठरला, सगळं चार तास चालायचं. ते थांबलं. मग डबा उघडेनाशा झाल्या. मग चेहऱ्यावरून पदर घेऊन पडून राहायला लागल्या. सर म्हणाले, "डिप्रेशन असतं यांच्यात. सवय होते." मला ते वाक्य पटलं नाही, पण मी काही बोलले नाही. मी बरेचदा बोलत नाही.

मग त्या आल्याच नाहीत. एक सोमवार गेला, गुरुवार गेला. फोन लावला तर मुलगी म्हणाली, "आई नाय येणार म्हणते." पुढच्या सोमवारी नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. अंगात पाणी भरलेलं, चेहरा सुजलेला, बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. डॉक्टरांशी फोनवर बोलून सरांनी घाईने मशीनला लावलं. सुई मीच टोचली. हात इतका सुजला होता की शीर सापडायला वेळ लागला.

अर्धं पाणी निघाल्यावर त्यांचा श्वास जरा खाली बसला. मी प्रेशर बघायला वाकले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, आता पुढं माझी वाट नको बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाय येणार मी. बस झाला."

हे वाक्य डायलिसिसमध्ये कोणी सहज बोलत नाही. न येण्याचा अर्थ काय हे पेशंटना आमच्याहून चांगलं माहीत असतं. मी त्यांच्या बेडच्या कडेला बसले. बसायची परवानगी नसते.

"दुखतंय का काही?"

"दुखाया काय. सवय हाय."

"मग?"

त्यांनी नजर वरच्या पंख्याकडे वळवली. मग हळू म्हणाल्या, "त्यो गाडीत झोपतो."

मला आधी कळलं नाही. मला वाटलं ड्युटीवर. ट्रेलरवाले झोपतात केबिनमध्ये, पोर्टच्या रांगेत रात्र रात्र उभे असतात.

"घराम्होरं," त्या म्हणाल्या. "गाडी दारात लावतो आनि केबिनमधी झोपतो. पावसात बी, उकाड्यात बी. ओटीवर जेवतो. ताट येगळा. कामावरून आला का बाहेरच आंघोळ करतो. आज उचलून आनला तेवढाच, एरवी माझ्या अंगाला हात लावून किती दीस झालं मनाच आठवत न्हाय. गाव बघतंय. बायका विचारतात, काय गो, नवरा घरजावई झाला का गाडीचा? हसून विचारतात." त्यांनी मशीनचा हात न हलवता दुसऱ्या हाताने तोंड झाकलं. "मना ठावं हाय. माझ्या तोंडाला वास येतो. अंग काळा पडला. पाळी कवाच गेली. मना बी काय वाटत न्हाय आता, आत सगळा सुकून गेला. पन म्हणून मानूस बाजूला पन न्हाय बसायचा? आशा जगण्यासाठी मी सुया टोचून घेऊ?"

किडनीच्या आजारात तोंडाला वास येतो. कातडी काळवंडते, खाज सुटते. पाळी अनियमित होते, जाते. इच्छा कमी होते, बायकांची आणि पुरुषांचीही. हे सगळं मी शिकले होते, इंग्रजीत, एका धड्याच्या शेवटच्या पानावर. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नव्हता. युनिटमध्येही तो कोणी कधी विचारला नव्हता.

पण माझं लक्ष दुसऱ्याच शब्दांवर अडकलं होतं. वेगळं ताट. वेगळं झोपणं. बाहेर जाणाऱ्या माणसाने जवळ जायचं नाही.

"ताई, दादा गाडीत कधीपासून झोपतात?"

"त्यो करोना आला तवापासून."

मी उठून बाहेर गेले. ट्रेलर हॉस्पिटलच्या आवारात येत नाही. समोरच्या रस्त्याला लावलेला होता, आणि ताईंचे नवरे चाकाच्या सावलीत उकिडवे बसले होते. मोठा माणूस, मला बघून घाईने उभे राहिले, मास्क शोधून तोंडाला लावला आणि दोन पावलं मागे सरकले.

मला अनोळखी पुरुषांशी बोलता येत नाही. शाळेत, कॉलेजात, कुठेच आलं नाही. पण विचारायचा प्रश्न लहान होता. "दादा, तुम्ही गाडीत का झोपता?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी वेड्यासारखं काहीतरी विचारलं होतं.

"तुम्हीच सांगितला ना मॅडम. सरांनी. पोर्टवर धा राज्यांची मानसं येतात. मी तिच्याजवळ गेलो आनि तिला काय झाला म्हणजे?"

"पण ते तेव्हा होतं."

"मग आता न्हाय का?" त्यांनी विचारलं. "कवा सांगितला?"

कधीच सांगितलं नव्हतं. सरांनी दारात उभं राहून रोज बजावलं होतं, मग बंदूक कपाटात गेली आणि बजावणं थांबलं. पण बजावणं थांबलं म्हणजे बंदी उठली, हे खाडीकाठच्या घरात कसं कळणार? आमच्याकडे सूचना देण्याची माणसं नेमलेली असतात. दिलेली सूचना परत घ्यायचं काम कोणाचंच नसतं. तो माणूस दोन वर्षांहून जास्त काळ बायकोला जिवंत ठेवत होता, त्याच्या समजुतीप्रमाणे, लोखंडी केबिनमध्ये पाय दुमडून झोपून. आणि ती आत, मुलीच्या शेजारी, त्याने आपल्याला टाकलं असं समजून मरायचं ठरवत होती.

मशीन संपेपर्यंत ठरलं की दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांना आणखी एकदा मशीनवर घ्यायचं, पाणी पुरतं निघालं नव्हतं म्हणून. मंगळवारी डॉक्टरही येतात. ताई म्हणाल्या, "उद्या येते. तुझ्यासाठी. ते शेवटचा." मी त्यांना विचारलं, "दादांशी मी बोलले तर चालेल? सगळं?" त्यांनी होकाराची मान हलवली.

सगळं. पण ते बोलायचं कोणत्या शब्दांत? माझे आई-वडील दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्या वस्तीतून इंग्रजी शाळेत गेलेली मी पहिली मुलगी, आणि वडील पौर्णिमेला विहारात कोणालाही भेटले की हे सांगतातच. त्यामुळे घरात मी मराठी आणि डोक्यात इंग्रजी अशी वाढले. शरीराचं सगळं मी इंग्रजीत शिकले. मराठीत त्यातलं जे मला येत होतं, ते शिव्यांमधलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आई कोलंबी सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागले.

"आई, सेक्सला चांगल्या मराठीत काय म्हणतात? मोठ्या माणसासमोर बोलायचं असेल तर?"

आईच्या हातातली कोलंबी तिथेच थांबली. "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"ज्याच्यासमोर बोलायचंय."

"आई! पेशंट आहे. पेशंटचा नवरा आहे."

"लग्न झालेला?" आईचा आवाज आणखी बारीक झाला, आणि मला सगळी गोष्ट सांगावी लागली. नावगाव सोडून. सांगून होईपर्यंत कोलंबी संपली होती. आईने हात धुतले आणि शिक्षिकेसारखी विचार करायला लागली.

"शरीरसंबंध."

"ते पोलीस स्टेशनचं वाटतं."

"समागम?"

"ते कोणाला कळणार?"

"हो, तेही आहे." ती स्वतःशीच हसली, पदराने तोंड पुसलं. "अगं, लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या माणसांना तू काय शिकवणार? त्यांना सगळं येतं. तू एवढंच सांग. अंथरूण एक करा म्हणावं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणावं. आणि मान खाली घालून सांगू नकोस. तू मान खाली घातलीस की त्यांना वाटेल काहीतरी वाईट आहे."

तेवढ्यात वडील पाणी प्यायला आले. "कसली चर्चा?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "कोलंबी."

मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना खुर्चीतच गाठलं. त्यांच्याशी इंग्रजीत बोलले आणि मला नवल वाटलं: ज्या शब्दांसाठी मी आदल्या दिवशी आईला छळलं ते सगळे शब्द माझ्या तोंडून सरळ, न अडखळता बाहेर पडले. इंग्रजीत मला लाज वाटतच नव्हती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं ते हसून सोडून देतील. ते म्हणाले, हा प्रश्न मीच विचारायला हवा होता. मग ताईंच्या बेडशी जाऊन पडदा ओढून बसले आणि झोप लागते का, रडू येतं का, जगावंसं वाटतं का, हे त्यांनी असं विचारलं जसं खोकला आहे का विचारतात. त्यांनी मनासाठी एक गोळी सुरू केली, जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांशी दर पंधरवड्याला फोनवर बोलायचं ठरवून दिलं, आणि कोरडेपणासाठी एका जेलीचं नाव सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नवऱ्याला मी सांगितलं तर तो फक्त 'हो डॉक्टर' म्हणेल. तू सांग. तिचं ऐकून तू आलीयस."

नातेवाइकांना आत सोडत नाहीत. तोही त्या दिवसांतलाच नियम. मी सरांकडे गेले. "सर, तुम्ही दारात सांगायचात ना, वेगळं झोपा म्हणून. चार नंबरचा नवरा अजून गाडीत झोपतोय."

सर रजिस्टर लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं. "अजून?"

"अजून."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग उठले, स्वतःच्या टेबलाखालचं स्टूल घेतलं आणि स्वतः नेऊन ताईंच्या बेडशी ठेवलं. दारात जाऊन रस्त्याच्या दिशेने हाक मारली, "ओ दादा! या आत."

ते आले. स्टुलावर बसले, पण अंग चोरून, गुडघे लांब ठेवून. मंगळवारी चार नंबर दुसऱ्याचा असतो, म्हणून ताईंना सहावर घेतलं होतं. मी अजून सुया टोचल्या नव्हत्या. मला बोलायला सुरुवात करायची होती आणि शब्द येईना. म्हणून मी मला जे येतं ते केलं.

"दादा, हात पुढे करा."

त्यांनी केला. डिझेलच्या रेषा पडलेला रुंद तळवा. मी तो धरून ताईंच्या मशीनच्या हातावर ठेवायला गेले तर त्यांनी मागे ओढला. "न्हाय मॅडम. बंद पडंल."

"हात लावून बंद पडत नाही. दाबायचा नाही, त्यावर झोपायचं नाही, एवढंच. हात लावायचा."

मी त्यांची बोटं त्या शिरेवर टेकवली. त्यांचा चेहरा मास्कमागे होता, पण डोळे मोठे झालेले दिसले. ते वाकले, कान जवळ नेल्यासारखे.

"आत इंजिनाची बोट चालू हाय गो," ते बायकोला म्हणाले.

"कवापासून चालू हाय," ताई म्हणाल्या. "तुमाला आज ऐकू आली."

त्यांनी हात उचलला नाही. मी मान वर ठेवली आणि बोलले. म्हणाले, कोरोनाच्या वेळी आम्ही जे सांगितलं होतं ते तेव्हा बरोबर होतं. आता ते संपलं. ताईंना लस मिळालीये, तुम्हालाही मिळालीये. ताप-खोकला असेल तेवढे दिवस लांब राहा, एरवी नाही. ताट एक करा, अंथरूण एक करा. डॉक्टरांनी सांगितलंय.

"अंथरूण एक," त्यांनी म्हटलं. मग खाली बघत, अगदी हळू, "म्हंजे... सगळाच चालंल?"

आईचं वाक्य इथे संपलं होतं. पुढचं माझं मलाच शोधायचं होतं. "सगळंच चालेल," मी म्हणाले. "नवरा-बायकोमध्ये जे असतं ते सगळं. आजारामुळे ताईंची इच्छा कमी झाली असेल, त्रास होईल, त्याला औषध आहे, डॉक्टरांनी दिलंय. घाई नको. मशीनच्या दिवशी नको, थकलेल्या असतात. या हातावर भार नको. आणि पाळी नसली तरी दिवस जाऊ शकतात, तेव्हा काळजी घ्यायची. आणि काहीच नाही झालं तरी चालेल. शेजारी झोपलात तरी पुष्कळ."

मास्क होता म्हणून बरं. माझे कान तापले होते, पण आवाज कापला नाही. मला माझाच आवाज नवीन वाटला.

ताई नवऱ्याकडे बघत होत्या. "मना वाटला तुमाला माझा वास येतो."

"वास? मी सकालपासनं डिझेल हुंगतो. मना कसला वास येतोय?" ते जवळजवळ चिडलेच. "मी तिकडं माशा मारीत झोपतो आनि तू हिकडं वास घेऊन बसलीस! बोलायचा न्हाय का?"

"तुमी बोललाव?"

पडद्याने नजर अडते, आवाज नाही. सहा बेडच्या त्या खोलीत मशीनच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग मंगळवारचे एक नंबर, सत्तरीचे एक चाचा, पूर्वी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, ते घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, माफ करा. हा हुकूम फक्त सहा नंबरसाठी आहे की सगळ्यांसाठी?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"सगळ्यांसाठी, चाचा," मी म्हणाले. मोठ्याने, म्हणजे माझ्यासाठी मोठ्याने.

"अल्हम्दुलिल्लाह. आमची बीबी अजून माजघरात निजते. म्हणते, डॉक्टरांनी मना केलंय. मी म्हटलं असेल बाबा, डॉक्टरांपुढे कोणाचं चालतं." मग सगळी खोली हसली. सर दारात उभे होते, तेही हसले आणि लगेच तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले. त्या आठवड्यात ते प्रत्येक पाळीला दारात उभे राहिले आणि जसं पूर्वी बजावायचे तसंच, त्याच चिडक्या आवाजात, प्रत्येकाला सांगत गेले की तो नियम आता उठलाय. बायकांना सांगायची वेळ आली की मला हाक मारायचे. मी जायचे. विचारणाऱ्या बायका निघाल्या. एकीने तर बोलायला गॅलरीत नेऊन माझा हात घट्ट धरला. इतकी माणसं इतके दिवस तो प्रश्न तोंडात धरून बसली होती.

पण हे नंतरचं. मंगळवारी मशीन संपल्यावर ताई नवऱ्यासोबत निघून गेल्या. गुरुवारचं मी विचारलं नाही. विचारायची मला भीती वाटली.

गुरुवारी सगळे आले. एक, दोन, तीन, पाच, सहा. सगळे मशीनला लागले. चार नंबरची मशीन मी तयार करून ठेवली होती, नळ्या भरून, धुऊन. सर एकदा येऊन रिकामा बेड बघून गेले. पुन्हा आले. "बाहेर एक नवीन पेशंट आलाय, त्याला घेऊ का चारवर?"

"थोडं थांबू, सर."

फोन लावला. उचलला नाही. मी सांगितलेलं सगळं मनात पुन्हा चालवून बघितलं. कुठे जास्त बोलले का? त्यांना लाज वाटली असेल का, सगळ्यांसमोर? नंबर रिकामा होणं काय असतं हे मी याआधी पाहिलं होतं.

मग रस्त्यावर ट्रेलरचा एअर हॉर्न वाजला. हॉस्पिटलसमोर हॉर्न वाजवू नये अशी पाटी आहे. ताई आत आल्या त्या रागातच. केस विस्कटलेले, पदर कसाही.

"सॉरी गो बाय. त्यो उठतच न्हाय. हलवला, पानी मारला, उठत न्हाय. इतक्या दिसांनी गादीवर झोपला ना." वजनकाट्यावर चढता चढता त्या मागे वळून, आवाज कमी करून म्हणाल्या, "तसा काय झाला न्हाय हां. नुसता घोरला. रातभर. भिताडं हालत होती."

"मग तुम्हाला झोप नाही लागली?"

"मनाच लागली ती! पोरगीनं उठवला आमाला दोघांना."

पुढे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. गोळीचा गुण यायला आठवडे लागले. काही सोमवारी त्या पुन्हा पदर ओढून पडून राहायच्या, आणि जेलीची बाटली फडताळात कितीतरी दिवस तशीच होती, हेही त्यांनीच मला सांगितलं. पण आल्या. प्रत्येक पाळीला आल्या, अजून येतात. मी अजूनही कमी बोलते, पण कोणी मला विचारलं की तू काय काम करतेस, तर आता मी फक्त मशीनबद्दल सांगत नाही.

त्या गुरुवारी त्या बेडवर चढल्या, मशीनचा हात उशीवर लांब केला आणि डोळे मिटले. मी बोटं ठेवली. घरघर जोरात होती. सुई पहिल्या वेळेला गेली, दुसरीही.

"झालं," मी म्हणाले.

"झाला ना? मग सरांना सांग," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "सोमवारपासून मना दुपारची पाळी द्या. सकाळचा आमचा उठना व्हनार न्हाय."